वाळवंटात कानी पडलेली वऱ्हाडी

देवावरचा माझा विश्वास उडाला होता असं मी म्हणणार नाही, पण आमचं बोलणं बंद झालं होतं हे खरं. माहेर अमरावतीचं, अंबादेवीच्या देवळापासून हाकेच्या अंतरावर. वडील वकील. लहानपणी शाळेत जाता-येता देवीला नमस्कार करायचा, एवढी साधी माझी भक्ती. लग्नानंतर यजमान कापडगिरणीच्या यंत्रांचं शिक्षण घ्यायला इंग्लंडला गेले आणि वर्षभराने मीही गेले. तिथे आम्हाला मुलगा झाला. दिवस भरायच्या आधीच झाला आणि एक दिवस जगून गेला. त्या दिवसापासून माझे हात जोडले गेले नाहीत.  यजमानांचा देवाकडे फारसा ओढा नव्हता, पण मी संध्याकाळी दिवा लावत नाही हे त्यांना बोचत असावं.

शिक्षण संपलं तेव्हा त्यांनी ठरवलं की घरी मोटारीने जायचं. एक जुनी व्हॅन घेतली, मागे गादी टाकली, स्टोव्ह ठेवला. ते दिवस पासष्टच्या लढाईआधीचे. हिंदुस्थानी माणसाला इराणातून पाकिस्तानात शिरून लाहोरवरून अमृतसरला उतरता येत असे. मला त्या प्रवासाची ना हौस होती ना भीती. कुठेतरी चाललो आहोत, एवढंच पुरेसं वाटत होतं.

एकामागून एक सरहद्दी ओलांडल्या. प्रत्येक नाक्यावर नवे गणवेश, नवी भाषा, तेच प्रश्न. यजमान खुणांनी, हसून वेळ मारून नेत. तुर्कस्तानात मला सारखं मळमळू लागलं. आधी वाटलं रस्त्याचे हिसके. मग तिथल्या एका डॉक्टरीणबाईंनी तपासून हसत माझ्या पोटावर हात ठेवला, तेव्हा कळलं. यजमानांचा चेहरा उजळला. मी मात्र गाडीत येऊन बसले आणि खिडकीबाहेर पाहत राहिले. पुन्हा आशा धरायचं धाडस मला होत नव्हतं.

इराण संपला आणि पाकिस्तानची चौकी आली. आमचे हिंदुस्थानी पासपोर्ट पाहून तिथल्या अंमलदारांनी सगळं सामान खाली उतरवायला लावलं. त्यांचं ते कामच होतं, वागणूकही वाईट नव्हती. पण उन्हात बराच वेळ उभं राहावं लागलं. पुढचा रस्ता म्हणजे नुसती वाळू आणि खडी. दुपार उतरू लागली तशी कंबरेत कळ उठली. थोड्या वेळाने मी गादीवर आडवी झाले आणि पाहिलं, तर साडीला रक्त लागलेलं.

यजमानांना सांगितलं तेव्हा त्यांनी गाडी थांबवली, काही क्षण स्टिअरिंगवर डोकं टेकवलं आणि मग अगदी हळू चालवायला लागले. सगळीकडे ओसाड. शेवटी रेल्वेचे रूळ दिसले आणि त्यांच्या कडेला एक लहानसं स्टेशन. एक इमारत, दोन-तीन क्वार्टर्स, बाकी काही नाही. यजमान पाणी मागायला आणि डॉक्टर विचारायला उतरले. मी एकटीच गाडीत होते. पुन्हा मोठी कळ आली आणि माझ्या तोंडून निघालं, “अंबे, माय, आता तूच पाहा.” मी ठरवून म्हटलं नव्हतं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच म्हटलं होतं.

गाडीच्या दाराशी सावली पडली. डोईवर ओढणी घेतलेली, पन्नाशीच्या आसपासची एक बाई वाकून आत पाहत होती.

“काहून रडून राहिली वं माय?” ती म्हणाली. “कुठं दुखून राहिलं तुले?”

मला वाटलं, ग्लानीत भास होतो आहे. बलुचिस्तानच्या त्या वाळूत कोणीतरी माझ्याशी वऱ्हाडीत बोलत होतं. मी नुसती तिच्या तोंडाकडे बघत राहिले.

“मी मूर्तिजापूरची हाव,” ती म्हणाली. “अंबेचं नाव घेतलं तू, म्हून समजलं मले. अमरावतीची हायेस का?”

मी मान हलवली आणि मला हुंदका आवरेना.

तिचा नवरा त्या स्टेशनचा स्टेशनमास्तर होता. फाळणीच्या वेळी रेल्वेतल्या लोकांना कोणत्या देशात नोकरी करायची ते विचारलं गेलं, तेव्हा भावांच्या मागे तेही पाकिस्तानात गेले आणि बदल्या होत होत इथे येऊन पडले. तिला मी खाला, म्हणजे मावशी, म्हणू लागले. खालांनी मला क्वार्टरमध्ये नेऊन खाटेवर निजवलं, पायाखाली गाठोडी ठेवून पाय वर केले. “आता उठाचं नाई. पाणी पाजायले मी हाव, धुवायले मी हाव,” त्या म्हणाल्या. तिथे पाणी आगगाडीने यायचं, मोजून-मापून वापरावं लागायचं. तरी रोज माझे कपडे धुतले जात. पुढच्या गाडीने रेल्वेचे डॉक्टर आले. त्यांनी औषध दिलं आणि सांगितलं की हलायचं नाही, बाकी वरच्याच्या हाती.

पाकिस्तानातून पार होण्यासाठी आमच्या परवान्याला ठरावीक मुदत होती. ती संपत आली तेव्हा यजमान घाबरे झाले. खालांचे यजमान रजा टाकून त्यांच्याबरोबर जवळच्या शहरातल्या कचेरीत गेले, माझ्या प्रकृतीचं कारण सांगून आमची हमी स्वतः दिली आणि मुदत वाढवून आणली. परत आल्यावर चहा मागितला आणि सिग्नलच्या कामाला लागले.

रक्त थांबलं. मी पडल्या पडल्या खालांशी बोलत असे. लहानपणी त्या आपल्या मावशीकडे अमरावतीला यायच्या, नवरात्रात देवीच्या जत्रेत बांगड्या भरायच्या. पहाटे त्या नमाज पढत तेव्हा मी खाटेवर हात जोडत असे. काही मागत नव्हते. फक्त हे मूल माझं नाही, तुझं आहे, ठेवायचं तर ठेव, असं मनात म्हणत असे. तसं म्हणता आल्यावर मला शांत झोप लागू लागली.

निघायच्या दिवशी खाला म्हणाल्या, “मूर्तिजापूरले माही मोठी बहीण होती, आपा. पहिले चिठ्ठ्या येत होत्या. दाजी वारले अन् आपा तिथून निंगून गेली, मंग काईच पत्ता नाई. भेटली तं तिले सांगजो, मी जित्ती हाव.”

लाहोरवरून आम्ही आपल्या सरहद्दीत आलो आणि दिवाळीनंतर अमरावतीत मला मुलगी झाली, पूर्ण दिवसांची, चांगली गुटगुटीत. यजमानांना अकोल्याच्या एका गिरणीत नोकरी लागली. मूल अंगावर पीत होतं तोवर मला कुठे जाता आलं नाही. मग एकदा माहेरी जाताना मूर्तिजापूरला उतरून स्टेशनजवळच्या मशिदीत चौकशी केली. तिथल्या वृद्ध मुल्लाजींना आपा आठवत होत्या. म्हणाले, त्या लेकीकडे भातकुलीला राहतात. भातकुली म्हणजे आमच्या अमरावतीच्या शेजारीच.

मुलीला कडेवर घेऊन मी तिथे गेले. आपा अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. मी खालांचं नाव घेतलं, निरोप सांगितला, आणि त्या वाळूतल्या स्टेशनची सगळी हकीकत सांगितली. आपांनी हातातली शेंग खाली ठेवली. मग म्हणाल्या, “माय, मी रोज एकच मांगत होती. जिथं असंन तिथून तिची खबर येऊ दे. मले वाटलं होतं, आता मरेपर्यंत काई कळत नाई.”

त्यांनी हात पुढे केले आणि मी मुलीला त्यांच्या मांडीवर दिलं. तोवर मी समजत होते की माझी हाक ऐकून देवीने खालांना माझ्याकडे धाडलं. त्या अंगणात बसल्यावर वाटलं, कदाचित आपांची हाकही कुणी तरी ऐकली असेल आणि तिच्यासाठी मला एवढ्या देशांतून फिरवून आणलं असेल. कोणाचं मागणं कोणाच्या वाटेने पुरं होतं, हे आपल्याला कळत नाही. कळायची गरजही मला आता वाटत नाही.

पुढे लढाई झाली आणि तो रस्ता बंद झाला. त्याआधी आपांचं एक पत्र आणि माझं एक, अशी दोन पत्रं आम्ही एकाच पाकिटात घालून धाडली होती, आणि खालांचं उत्तरही आलं. देवीपुढे उभी राहिले की मी आजही काही मागत नाही. जिथे धाडशील तिथे जाईन, एवढंच म्हणते, आणि समाधानाने घरी येते.