घागरीवरची अक्षरं

इतिहास सगळ्यांनीच शिकावा, या मताचा मी होतो. नुसता होतो असं नाही, त्यावरून भांडायचो. पाथरीजवळच्या माझ्याच गावात मास्तर म्हणून नेमणूक झाली, तेव्हा निजामाचं राज्य संपवणाऱ्या पोलीस ॲक्शनला चार-पाच वर्षं उलटली होती. मी स्वतः उर्दूतून शिकलो होतो आणि आता मराठीतून शिकवत होतो. जुनी पुस्तकं रद्दीत गेली होती, नवी पुरेशी आली नव्हती. त्यामुळे इतिहासाचा तास म्हणजे बराचसा माझ्या तोंडाचा पट्टा.

शाळेला लागूनच पार होता. तिथं बसणारे एक म्हातारे पाटील मला रोज डिवचायचे, "काय गुरुजी, मेलेल्या राजांची नावं पाठ करून जवारी लय पिकायली का?" चिडणं हा माझा स्वभावच. एकदा भर पारावर त्यांना सुनावलं, "आपल्या घरात काय घडलं तेही ज्याला माहीत नाही, तो डोळे असून आंधळा." त्याच तिरमिरीत वर्गात शिरलो आणि पोरांना सांगितलं, उद्या घरातली सगळ्यात जुनी वस्तू आणा, आणि ती कुठून आली ते विचारून या.

दुसऱ्या दिवशी वर्गाचा बाजार झाला. अडकित्ते आले, जात्याचा खुंटा आला, निजामाच्या हाली शिक्क्याचा एक पैसा आला. एकानं तर आजोबांनाच हाताला धरून आणलं. मी भलताच खूश होतो.

मग चौथीतली एक मुलगी डोक्यावर तांब्याची घागर घेऊन दारात उभी राहिली. "गुर्जी, आई म्हनली, हिच्यावर काय लिवलंय ते वाचून घे. आमच्यात कुनालाच येत न्हाई."

काठाखाली बारीक ठोक्यांनी उर्दू अक्षरं घातलेली होती. भांड्यावर नाव घालायची रीत सगळ्यांचीच. मी वाचलं. ते गावातल्या मुसलमान पिंजाऱ्याच्या बायकोचं नाव होतं. ॲक्शनच्या त्या आठवड्यात ते कुटुंब जिवाच्या भीतीनं अंगावरच्या कपड्यांनिशी गाव सोडून गेलं, ते परत आलं नाही. मागं घर सताड उघडं होतं. त्यातलं सामान कुठं गेलं, हे गावात कुणी कुणाला विचारत नव्हतं, कारण ते सगळ्यांना ठाऊक होतं.

सगळा वर्ग माझ्या तोंडाकडे बघत होता.

"अक्षरं झिजलीत," मी म्हणालो. "वाचता येत नाहीत."

अक्षरं मुळीच झिजलेली नव्हती. त्यानंतर मी काय शिकवलं देव जाणे. एका पोराला उगीचच छडी मारली. घरी ताटावर बसलो आणि तसाच उठलो. मला माझाच राग येत होता. तो काढायला दुसरं कुणी सापडत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मुलीची आई स्वतःच आली. कमरेवर तीच घागर.

"गुरुजी, रोज पान्याला जाते, रोज बोटाला अक्षरं लागत्यात. झिजल्यात म्हनं? तुमाला वाचता येत न्हाई, का सांगायचं न्हाई?"

"तुम्हाला कशाला हवंय ते?"

"ज्याची हाय त्याला द्यायची. मामंजींनी आनली तवा त्यांच्यापुढं तोंड उघडायची सोय नव्हती. आता ते गेले. आता मला कोन अडवायलंय?"

मग मी नाव सांगितलं. ती तिथंच पायरीवर बसली. बराच वेळ पदरानं घागरीचा काठ पुसत राहिली.

"माझ्या बाळंतपनाची गादी तिनंच भरली व्हती," ती म्हणाली. "मजुरी घेतली न्हाई." मग विचारलं, "कुठं गेले वो ते?"

"औरंगाबादकडे म्हणतात. नक्की कुणालाच ठाऊक नाही."

ती उठली, घागर कमरेवर घेतली आणि गेली. दुसऱ्या दिवसापासून ती विहिरीवर मातीची घागर घेऊन येऊ लागली. तांब्याची तिनं ओसरीवर उपडी घालून ठेवली, आणि जो विचारेल त्याला कुणाची ते नावानिशी सांगू लागली. पाटलांनी आता जवारीचं विचारणं सोडलं. "गुरुजी, तुमच्या इतिहासानं बाया बिघडायल्यात," एवढंच म्हणाले, आणि ती चेष्टा नव्हती.

मला मात्र चैन नव्हतं. तिची मला भीतीही वाटायची आणि हेवाही वाटायचा.

आमच्या घरी धान्याच्या कणगीवर झाकण म्हणून एक मोठं पातेलं उपडं घातलेलं असायचं. बाहेरून काजळीनं काळंकुट्ट. वडिलांनी आणलेलं. कुठून, ते मी कधी विचारलं नव्हतं, आणि आता विचारायला ते नव्हते. त्याच सुमारास एका सकाळी बायको ते खाली काढून अंगणात घेऊन बसली.

"अहो, चिंच लावून लख्ख करते. काठाखाली काहीतरी हाताला लागतंय."

"राहू दे," मी म्हणालो.

तिनं वर पाहिलं. मी दप्तर उचललं आणि शाळेला निघालो. आमच्या घरात उर्दू वाचता येणारा मी एकटाच होतो.