पावलं बघून आलेली सवाष्ण

महालक्ष्म्या घरात उभ्या होत्या, नैवेद्य दाखवून झाला होता, सवाष्णीचं पान वाढलेलं होतं आणि त्या पानावर बसायला कोणी नव्हतं. दुपार कलत होती. मी दाराशी खुर्ची टाकून बसले होते. रडले नाही. मला रडायला येत नाही फारसं.

आमच्याकडे भाद्रपदात महालक्ष्म्या बसतात. ज्येष्ठा आणि कनिष्ठा, दोघी बहिणी. पितळी मुखवटे सासूबाईंच्याही आधीपासूनचे. मी थोरली सून म्हणून ते माझ्याकडे आले. साड्या नेसवून दोघींना उभं करायचं, दुसऱ्या दिवशी पुरणाचा नैवेद्य, आणि घरच्यांच्या आधी बाहेरची एक सवाष्ण जेवली पाहिजे. ती जेवली म्हणजे देवी जेवली. मी स्वतः विधवा, मुलगा परदेशात. त्यामुळे बाहेरून कोणी येणं भागच होतं.

हे गेले तेव्हा घर मला खायला उठलं होतं. विजय नगरातल्या आमच्याच गल्लीत सत्संग भरायचा. इकडचा मुलूख हिंदी, बायका सगळ्या हिंदी बोलणाऱ्या, मला अम्मा म्हणायच्या, हाताला धरून न्यायच्या. भजनं चांगली होती. मन रमलं. मग तिथल्या महाराजांकडून नाम घेतलं, म्हणजे दीक्षाच, आणि नाम घेतल्यावर नियम आले. घरात दुसरा देव नको. ज्यानं नाम घेतलेलं नाही त्याच्या हातचं खायचं नाही. मी मुखवटे उचलले आणि शहराच्या दुसऱ्या टोकाला, रांझीला माझी धाकटी जाऊ शोभा राहते, तिच्याकडे नेऊन ठेवले. तिच्या मुलाच्या लग्नात पंगतीला बसले ती घरून नेलेला डबा उघडून. शोभा वाढायला आली, डब्याकडे बघितलं आणि पुढच्या पानाकडे गेली. त्यानंतर तिनं मला कधी बोलावलं नाही.

सत्संग सोडला तो एका दुपारी. एका बाईचं लेकरू तापात गेलं होतं. ती समोर बसलेली असताना महाराज माइकवर म्हणाले, “बच्चा इसलिए गया कि श्रद्धा अधूरी थी.” सगळ्यांनी माना डोलावल्या. मी चौथीपर्यंत शिकलेली बाई, मला पोथ्यांमधलं कळत नाही. पण मीही एक लेकरू पुरलेलं आहे. मी उभी राहिले आणि म्हणाले, “महाराज, ये झूठ है.” त्या बाईला हाताला धरून उठवलं, तिच्या घरी सोडलं आणि माझ्या घरी आले. एवढं बोलायला मला कोणी शिकवलं नव्हतं. आयुष्यात मी जे काही केलं, त्यात मला याचा सगळ्यात जास्त अभिमान आहे.

दुसऱ्या दिवसापासून गल्ली मुकी झाली. माझ्याबरोबर दूध आणायला जाणाऱ्या बायका रस्ता बदलू लागल्या. एकीनं तेवढं थांबून सांगितलं, “अम्मा, गुरुद्रोह का फल मिलेगा.”

मी म्हटलं, “मिलेगा तो खा लेंगे. तुम्हारे घर नहीं भेजेंगे.”

सण जवळ आला तशी मुखवटे मागायला रांझीला गेले. शोभानं मुखवटे कपाटातून काढले, लखलखीत घासलेले. “सणापुरते न्या,” ती म्हणाली, “देवी काही माझी एकटीची नाही.”

“जेवायला ये. सवाष्ण तूच.”

“तुम्ही माझ्या पोराच्या लग्नात डबा घेऊन आल्या होत्या, जाऊबाई. मी काहून येऊ?”

 मुखवटे घेऊन परत आले.

यंदा सगळं एकटीनं केलं. पुरण वाटलं, ज्वारीची आंबील केली, सोळा भाज्या मिळवल्या. गेटपासून देवीपर्यंत रांगोळीची पावलं काढली, गुडघे दुखत होते तरी. पूजाही मीच केली, कोणाला विचारलं नाही. ओळखीच्या दोन मराठी घरांत बोलावणं केलं होतं. एकीकडे आजारपण निघालं, दुसरी गावाला गेली. पान वाढलं आणि देवीला म्हटलं, “माझं झालं. आता तुझं तू बघ.”

अशातच गेटचा आवाज आला. एक तरुण मुलगी, गळ्यात मंगळसूत्र, पावलांच्या कडेकडेनं चालत येत होती, एकही पाऊल न पुसता.

“काकू, महालक्ष्म्या आहेत ना? आम्ही खोली पाहून राहिलो इथं, गेटात पावलं दिसली. आमच्या अमरावतीला असतात. यंदा सुट्टीच नाही मिळाली. पाया पडते अन् जाते.”

“जेवलीस?”

“नाही, पण…”

“मग बस.”

नाव तिनं सांगितलं, आडनाव मी विचारलं नाही. ती आंबील मागून मागून प्यायली. विधवेनं ओटी भरू नये म्हणतात. मी भरली. ती वाकून नमस्कार करून गेली. खोली तिला दुसरीकडे कुठं मिळाली असेल, पुन्हा दिसली नाही.

विसर्जनाच्या दिवशी शोभा आली, मुखवटे परत न्यायला.

“कोण जेवलं?”

“आली एक. पावलं बघून.”

शोभानं वळून गेटातल्या पावलांकडे बघितलं. मग पाट ओढून बसली. “उरलं आहे का काही?”

“पोळ्या कालच्या आहेत.”

“असू द्या. माझा राग त्याहून शिळा आहे.”

मी वाढलं, ती जेवली. मुखवटे माझ्याकडेच राहिले.

सत्संगात शरण जा, शरण जा असं रोज ऐकलं, आणि मी प्रत्येक वेळी कोणाला तरी घराबाहेर काढत गेले. त्या दुपारी मात्र मी फक्त पान वाढून दार उघडं ठेवलं होतं. ती मुलगी कोण होती हे मला ठरवायचं नाही. ती पोटभर जेवली, आणि मला आता कोणाच्याही घरी पोटभर जेवता येतं. देवीचे उपकार मानायला मला एवढं पुरे आहे.