वहिनीचं नाक

आमच्या सातपाटीत येऊन नाकाला रुमाल लावणाऱ्या पाहुण्यांची मी भरपूर टिंगल केली आहे. सुक्या मासळीचा वास आम्हाला कधी जाणवलाच नाही. त्यातले बारकावे कळायचे ते फक्त वहिनीला. ती मूठभर सुके बोंबील उचलून नाकाशी धरायची, खोल श्वास घ्यायची आणि माल दमट झालाय की नाही ते सांगून मोकळी व्हायची. पालघरच्या बाजारात गिऱ्हाइकं तिच्या शब्दावर मासळी घ्यायची.

मी बोईसरला रसायनांच्या एका कारखान्यात होतो. तिथला एक रिकामा निळा ड्रम मी कुणाला न विचारता घरी आणला. पावसाळ्यात सुकी मासळी ठेवायला बरा पडेल असं वाटलं. आत काय होतं ते मला ठाऊक नव्हतं, पण साबण नव्हता एवढं नक्की ठाऊक होतं. घरी मात्र साबणाचाच म्हणून ठोकून दिलं, नाहीतर वहिनीने त्यात मासळी भरलीच नसती.

दोनदा विसळून, झाकण लावून तो अंगणात ठेवला. दोन दिवस उन्हात तापल्यावर झाकण काढलं. कशालाही थेट नाक लावायचं नाही, हे कारखान्यात पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. मी स्वतः चार हात लांब उभा राहिलो आणि म्हणालो, "वयनी, वास गेला काय बघ."

ती वाकली, डोकं आत घातलं आणि बोंबील हुंगावेत तसा छातीभर श्वास घेतला. पुढच्याच क्षणी ती मागे कोसळली. डोळ्यांतून पाणी, नाकातून रक्त, श्वास घेता येईना. मी तिला तसंच पालघरला डॉक्टरांकडे नेलं.

ड्रममध्ये काय होतं, असं डॉक्टरांनी विचारलं. ती घोगऱ्या आवाजात साबण म्हणाली. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. खरं बोललो असतो तर ड्रम कुठून आणला ते निघालं असतं आणि नोकरी गेली असती. मीही साबणच म्हणालो. खरं कळलं असतं तर तिचं नाक वाचलं असतं का, हे कुणाला विचारायची हिंमत मला आजवर झालेली नाही.

पंधरा दिवसांत घसा बरा झाला. वास कळणं काही परत आलं नाही. बाजारात ती सवयीने बोंबील नाकाशी न्यायची आणि मग गुपचूप शेजारणीच्या हातात द्यायची. एकदा शेजारीण नव्हती. दुसऱ्या दिवशी जुनं गिऱ्हाईक आलं आणि सगळ्यांसमोर कुबट मासळी तिच्या टोपलीत फेकून गेलं. त्यानंतर ती बाजाराला बसली नाही.

त्या संध्याकाळी सगळं सांगून टाकायचं ठरवून मी तिच्याजवळ जाऊन बसलो. माझा पडलेला चेहरा बघून तीच आधी बोलली.

"तू नको मनाला लावून घेऊ. साबनात एवढा जहर असते, ते तुला तरी काय म्हाईत?"

मी मान हलवली आणि उठलो.