त्याच्या दुकानासमोरचा घाणा

आमच्या घरातला पहिला पदवीधर मी. नोकरी मिळेना, म्हणून रेणापुरात लाकडी घाण्यावर करडईचं तेल काढायला लागलो. पहिल्या बाटल्या अहमदपूरच्या एका किराणा दुकानात विकायला ठेवल्या. पंधरा दिवसांनी दुकानदाराने त्या भर गिऱ्हाइकांत परत केल्या.

"खवट वास मारून राहिलं तुझं तेल. बीएस्सी करून हेच शिकलास का रे पोरा?"

सगळे हसले. बाटल्या उचलताना हाताला चटका बसला. त्याने त्या बाहेर पायरीवर, उन्हात ठेवल्या होत्या. आत सावलीत त्याच्या मेव्हण्याच्या तेलगिरणीचे डबे होते. उन्हाने तेल खवट होतं, हे मला शाळेत विज्ञानाच्या सरांनी शिकवलं होतं. त्यांचे उपकार मी विसरलो नाही, तशी ती पायरीही विसरलो नाही.

नवा धंदा करणाऱ्यांना मी सांगतो, आपला माल दुसऱ्याच्या भरवशावर सोडून जाऊ नका. आणि जागा रागाने निवडू नका. मी मात्र रागानेच निवडली. दुसरीकडे स्वस्त गाळा मिळत असताना बरोबर त्याच्या समोर घाणा बसवला. लोक घरची करडई आणून डोळ्यांदेखत तेल काढून नेऊ लागले. ताज्या तेलाचा वास थेट त्याच्या गल्ल्यापर्यंत जायचा.

वर्षभराने तोच करडईचं पोतं घेऊन आला.

"सूनबाई हेच तेल पाहिजे म्हणून राहिली. लवकर काढून दे."

सावलीतल्या बाकावर जागा होती. मी त्याला माझ्या गाळ्याची बाहेरची पायरी दाखवली.

"नंबर लई लांब हाय, काका. तिथं उन्हात बसा."

तो बसला.