चिंचणीचे बोंबील आणि परदेशी टोप्या

जगाच्या पाठीवर कुठेही एखाद्या नर्सवर अन्याय झाला, की त्याची कळ आमच्या चिंचणीच्या घरात उठते, आणि ती उठवण्याचं काम माझी मोठी नणंद एकहाती करते. बोईसरच्या एका खासगी रुग्णालयात ती सिस्टर होती. तिथल्या युनियनची सेक्रेटरी तीच, फलक रंगवणारी तीच, घोषणा देणारी तीच, आणि बाकीच्या दोघी-तिघी लाजत असल्यामुळे 'झिंदाबाद' म्हणणारीही तीच. मी लग्न होऊन पालघरहून इथे आले तेव्हा सासूबाईंनी मला सांभाळून राहायला सांगितलं, ते नवऱ्यापासून नव्हे, हिच्यापासून.

कुठे संप झाला की हिच्या दंडाला काळी फीत. आमच्या पुतणीच्या साखरपुड्याला बाईसाहेब पैठणी नेसून, गजरा माळून आणि वर फीत बांधून हजर. व्याह्यांनी दबकत विचारलं, "कोण गेलं हो?" तर म्हणते, "कोनी गेलं नाय, दक्षिण अमेरिकेत संप हाय." बिचारे सुतकी चेहऱ्याने श्रीखंड खाऊन गेले. ड्युटी सुटली की ही रुग्णालयाच्या गेटसमोर फलक धरून उभी. कारखान्यांच्या पाळीचे कामगार सोडायला आलेले रिक्षावाले थट्टेने विचारायचे, "सिस्टर, आज कौन सा देश?" ही त्यांना देश सांगायची, तो कुठे आहे ते सांगायची, आणि रिक्षा चालू झाली तरी तिथल्या नर्सना किती पेशंट बघावे लागतात ते ओरडून सांगायची. मी एकदा वैतागून म्हटलं, "ताई, तुमचा त्या बायकांशी संबंध काय?" तर ती म्हणाली, "किनाऱ्यावर होडी वर ओढायची आसली की ती कोनाची हाय इचारतेस काय तू? खांदा लावतेस ना!" मी आयुष्यात कधी होडीला खांदा लावलेला नाही, पण तिच्याशी वाद कोण घालणार?

मग तिला मोबाइलवर देशोदेशीच्या नर्सेसच्या युनियनांचा एक ग्रुप सापडला, आणि आमच्या घराची उरलीसुरली शांतता गेली. युरोपातल्या एका बर्फाळ देशात नर्सेस तंबू ठोकून संपाला बसल्या होत्या. आमच्या गावात होड्या बंद असल्या आणि एखाद्या घरची चूल मंदावली, की शेजारी न बोलता ओटीवर सुके बोंबील ठेवून जातात. झालं! हिने बोंबलांचं खोकं बांधलं.

"अहो ताई, त्या देशात मासे मिळतात!"

"मिळत आसतील. पन दिले कोनी?"

पाठवणाऱ्याच्या पत्त्यात चिंचणीच्या खाली, ठळक अक्षरांत, शेजारचं 'तारापूर'. तिकडच्या कस्टमच्या अधिकाऱ्यांनी म्हणे आधी नकाशा पाहिला, नकाशात अणुवीज केंद्र पाहिलं, मग खोक्याचा वास घेतला, आणि हातमोजे चढवून सगळे लांब जाऊन उभे राहिले. तरीही खोकं पोचलं. त्या भाबड्या बायांना वाटलं, ही भारतातली शुभेच्छा द्यायची रीत असावी. त्यांनी बोंबलांचं तोरण करून तंबूच्या दारावर टांगलं आणि त्याखाली उभं राहून फोटो पाठवला. हसू सगळ्यांचं होतं, नाकं मात्र आक्रसलेली होती. नणंद तो फोटो आठवडाभर गावात दाखवत हिंडली.

हे सगळं हसण्यावारी जात होतं, तोवर मे महिना आला. जव्हारकडची एक कंत्राटी पोर तिच्या वॉर्डात होती. लागोपाठ दोन पाळ्या करून ती भिंतीला टेकली होती, तरी तिला तिसरीला उभं राहायला सांगितलं. माझ्या नणंदेने तिचा हात धरला आणि नेऊन एसटीत बसवलं. दुसऱ्या दिवशी दोघींनाही कामावरून काढलं. मालक डॉक्टर मोठे सज्जन, महिलादिनाला प्रत्येक नर्सला गुलाब देणारे. त्यांनी निरोप दिला, तुम्ही माफी मागा, तुम्हाला परत घेतो, पोरीचं विसरा. नणंदेने त्या पोरीला घेऊन गेटसमोर बसकण मारली. जगातल्या सगळ्या सिस्टर हिच्या सख्ख्या बहिणी, पण गेटच्या आतल्या मात्र चुलत-चुलत निघाल्या. खिडकीतून बघायच्या आणि पडदा ओढायच्या. जन्मभर परक्यांसाठी फलक धरले, आणि हिच्यासाठी धरायला काळं कुत्रं नाही! मला मनापासून संताप आला होता.

अशात परदेशातून खोकं आलं. ग्रुपवर हिची बातमी वाचून त्या बर्फातल्या बायांनी तंबूत बसून आमच्या संपकरी बहिणींसाठी लोकरीच्या लालभडक टोप्या विणल्या होत्या. कानांवर येणाऱ्या, वर गोंडा असलेल्या. मे महिन्यात, बोईसरला! हिने लगेच एक डोक्यात घातली.

"ताई, भोवळ येऊन पडाल!"

"त्यांनी माजे बोंबील सोसले, मी त्यांची टोपी नाय सोसू?"

पोरीनेही घातली. रिक्षावाले हसले, पेशंटचे नातेवाईक हसले, खिडकीतल्या पोटभर हसल्या. मग जेवणाच्या सुट्टीत एक जण नीट हसायला खाली आली आणि सेल्फीपुरती टोपी घालून बसली. घामाने भिजली, पण उठेना. तिला न्यायला दुसरी आली, तीही बसली. पुढे पाळीपाळीने, पेशंटना वाऱ्यावर न सोडता, गेटसमोर लाल गोंड्यांची रांगच लागली. आता डॉक्टरसाहेबांनी पडदा ओढला. शेवटी त्यांचा निरोप आला, दोघींपैकी एकीलाच घेतो. नणंदेने वाक्य पुरं होऊ दिलं नाही. "पोरीला घ्या. माजं काय, घरी भाऊ हाय, वैनी हाय."

म्हणजे मी. मला कोणी विचारलं नव्हतं, आणि त्या दिवशी मला त्याचा रागही आला नाही.

आता ती घरीच असते. गुडघे गेले. होडी आली की ओटीवरूनच 'हैय्या' करते. परवा सकाळी मोबाइल बघून ती उठायला गेली आणि पुन्हा खाली बसली. कुठेतरी संप लागला होता. फीत हातात धरून माझ्याकडे बघत म्हणाली, "वैनी, आज तू जाशील?"

मला शंभर कामं होती. तिनेच माझ्या दंडाला फीत बांधली आणि डोक्यात टोपी घातली. मी गेटसमोर फलक धरून उभी राहिले, मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेवढ्यात ड्युटी सुटून ती जव्हारची पोर बाहेर आली. पिशवीतून आपली टोपी काढून तिने डोक्यावर चढवली आणि माझ्या शेजारी उभी राहिली. रिक्षावाला थांबलाच. "मॅडम, आज कौन सा देश?"

नाव काही केल्या आठवेना.

"आपलाच हाय," मी म्हटलं.