वकील, पण कुठली?

कुरुंदवाडच्या तवनाप्पा मगदुमांची आदिती कोल्हापूरच्या शाहूपुरीत हंबीरराव वकिलांकडे दोन वर्षं ज्युनियर होती. ऑगस्ट २०२५ मध्ये कोल्हापुरात मुंबई हायकोर्टाचं सर्किट बेंच, म्हणजे फिरतं खंडपीठ, सुरू झालं. बरोबरीच्या वकील मुली तिथं उभं राहायची स्वप्नं बघत होत्या आणि आदिती इंग्लंडच्या व्हिसाची कागदं गोळा करत होती.

"बेंचसाठी आम्ही केस पिकेपर्यंत भांडलो," हंबीरराव म्हणाले, "आणि बेंच आलं तवर तू निघालीस व्हय गं?"

तिला आंतरराष्ट्रीय कायदा शिकायची ओढ होती, एवढंच.

लीड्सला पोचल्यावर पहिल्याच आठवड्यात कळलं, नुसत्या एलएलएमच्या पदवीवर इथं वकिली करता येत नाही. सॉलिसिटरची परीक्षा वेगळी, वर दोन वर्षांचा अनुभव. वर्गातली एक म्हणे, भारतातली वकिलीची सनद असली की अनुभवाची अट नाही. दुसरी म्हणे, अट नसली तरी अनुभवाशिवाय नोकरी कोण देतंय? आदितीनं वहीत दोन्ही लिहून घेतलं आणि जास्तच गोंधळली.

तिकडं कुरुंदवाडात तिच्या वडिलांनी, आप्पांनी, गावभर सांगून टाकलेलं, पोरगी बॅरिस्टर झाली.

"आप्पा, कोर्टात उभा राहतो तो बॅरिस्टर वेगळा, कागदं आणि सल्ला बघतो तो सॉलिसिटर वेगळा. मी दोन्ही न्हाय."

"मग तू हायस तरी कोण?" आप्पांनी फोनवर मोठ्यानं विचारलं.

फेब्रुवारीत ती विद्यापीठाच्या मोफत कायदा सल्ला केंद्रात जाऊ लागली. तिथं रूथ नावाच्या सॉलिसिटरबाई काम बघायच्या. विद्यार्थ्यांनी नुसतं टिपण घ्यायचं, मध्ये बोलायचं नाही, अशी ताकीद होती.

एके दिवशी निपाणीकडच्या शालूबाई आल्या. एका कुटुंबात घरकामाला होत्या. पासपोर्ट मालकिणीकडे होता. मराठी दुभाषी मिळाला नव्हता, म्हणून फोनवर हिंदी दुभाषी होता. शालूबाई रडवेल्या आवाजात म्हणाल्या, "मी ठेवायला दिलता, आता देईना झाल्यात की."

दुभाष्यानं इंग्रजीत सांगितलं, "पासपोर्ट त्यांनी आपणहून दिला आहे."

रूथनं तसंच लिहायला घेतलं. आदितीच्या चूक ध्यानात आली. बोललं तर नियम मोडतो, गप्प बसलं तर बाईची केसच बुडते. हात वर करावा की नाही, हेही तिला उमगेना.

"ते अर्धंच झालं," ती शेवटी बोलून गेली. "मागितला तर आता परत देत नाहीत, असं त्या म्हणतायत."

रूथनं पेन थांबवलं. "नक्की?"

"मावशी, कितीदा मागितलासा?" आदितीनं विचारलं.

शालूबाई तिच्याकडे बघतच राहिल्या. "तू आमच्याकडचीच व्हय गं, अक्का? चारदा मागितला बघ."

त्याच दुपारी रूथनं मालकिणीला पत्र धाडलं. आठ दिवसांत पासपोर्ट आला.

पुढच्या महिन्यात रूथनं आदितीला आपल्या ऑफिसात आठवड्यातून दोन दिवस काम देऊ केलं.

"कायद्यासाठी, की भाषेसाठी?" आदितीनं विचारलं.

"फाईली तयार करायला. आणि अशी माणसं आली तर त्यांच्याशी बोलायला."

यातून नेमकं काय समजायचं, ते तिला कळलं नाही. तरी ती हो म्हणाली.

पहिल्या दिवशी तिच्यापुढं एका भाडेकरूला आलेल्या घरमालकाच्या नोटिशीची फाईल आली. तिसऱ्याच ओळीत इंग्रजी कायद्यातला एक शब्द अडला. या वेळी वहीत नुसतं लिहून न ठेवता, खुर्ची मागं सारून ती रूथला विचारायला उठली.