पात्यांतलं मीठ

शेजारच्या सुमनताई पंचाहत्तरीच्या आहेत आणि एकट्या राहतात. लेकीने त्यांना एका वेळी एकच कप करणारं कॉफीचं यंत्र दिलं आहे. बियाही तेच दळतं. रोज सकाळी पावणेसातला त्याची घरघर भिंतीतून माझ्या स्वयंपाकघरात ऐकू येते. मंगळवारी ती ऐकू आली नाही. सव्वासात झाले. त्यांच्या दाराशी गेले, बेलवर बोट ठेवलं, पण ती दाबवेना. एका कपाच्या घरात काही झालं, तर सांगायला दुसरं कुणी नसतं.

शेवटी बेल दाबली. बऱ्याच वेळाने दार उघडलं.

"काल खडेमीठ फिरवलं गं कॉफीच्या यंत्रात," ताई हळूच म्हणाल्या. मिक्सरच्या पात्यांना धार यावी म्हणून आपण फिरवतो, तसंच. यंत्र अडकून बंद पडलं होतं.

"अहो, किती घाबरले मी."

"मी कालपासून घाबरलेय. लेकीला सांगू नकोस. म्हणेल, आईला आता एकटीला जमत नाही, चल माझ्याकडे."

आम्ही जुन्या टूथब्रशने मीठ काढायला बसलो. तेवढ्यात लेकीचा फोन आला. ताईंनी माझ्याकडे पाहिलं, रिकामा कप हातात घेतला आणि म्हणाल्या, "काही नाही गं, कॉफी घेतेय."